पेवात बसवलेली बाटली

उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर शरणम्माची खानावळ होती. तिथं जेवायला बसणं सोपं, उठणं अवघड. बाई वाढायची सढळ हातानं, मागायच्या आधी भाकरीवर लोण्याचा गोळा पडायचा. पण ताटात कुणी घास टाकला की तिचा चेहरा असा व्हायचा की तहसीलचा भलाभला कारकूनसुद्धा पुन्हा मांडी घालून बसायचा. बरं, नुसतं ताट पुसून खाल्लं म्हणजे सुटका, असंही नव्हतं. जेवण झालं की पेल्यातलं थोडं पाणी ताटात ओतायचं, बोटं फिरवून ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. लिंगायताच्या लेकराला ही रीत बोलता येण्याआधी येते. ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद, तो मोरीत कसा जाऊ द्यायचा? बाहेरगावची गिऱ्हाइकं नाक मुरडायची. मुरडेनात का. शरणम्मा कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची आणि पाणी घशाखाली उतरल्याशिवाय जागची हलायची नाही.

नवरा लवकर गेला होता. पदरात एक लेक, विरूपाक्ष, तेव्हा कॉलेजात शिकत होता. माहेर देवणीच्या वाटेवरच्या एका खेड्यात. तिथं धाकटा भाऊ मडिवाळप्पा शेती बघायचा.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि खानावळीतलं लोणी गेलं, पिवळीधमक ज्वारी गेली, रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी आली. पाणी टँकरचं. ताट धुऊन पिण्याच्या रीतीला त्या साली कुणी हसलं नाही.

त्याच साली बोअर पाडायची मोठी गाडी घेऊन फ्रान्सचा एक माणूस उदगिरात उतरला. कुठल्याशा परदेशी मंडळानं पाठवला होता. नाव आंद्रे, उन्हानं नाक सोललेलं, आवाज मऊ. लोक अंद्रेसाहेब म्हणायचे. मशिनीचं काही मोडलं की नांदेडला पळायचा, येताना अर्धापूरच्या केळीचा घड खांद्यावर घेऊन यायचा आणि खानावळीत ठेवायचा. पहिल्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी टाकून हात धुतले. शरणम्मा म्हणाली, "ऊटा माडप्पा. पुरं कर." त्याला ना कानडी कळलं ना मराठी. पण कमरेवरचे हात कुठल्याही मुलखातल्या माणसाला कळतात. बसला, खाल्लं, आणि शेजारचा कंडक्टर करतोय ते बघून ताट धुऊन प्यायला. ठसका लागला. त्यानंतर मात्र जवळपास दोन वर्षांत बाईला त्याला एकदाही सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. त्याचं ताट आणि पेला वेगळा होता. परका माणूस, घरी काय खातो नि काय पितो देव जाणे, म्हणून दाराजवळच्या फळीवर त्याची भांडी उपडी असायची. शरणम्माला यात काही वावगं वाटलं नव्हतं आणि त्या काळी आमच्या उदगिरात कुणालाच वाटलं नसतं. पुढं साहेबाला कावीळ झाली तेव्हा हीच बाई महिनाभर त्याला ज्वारीची पातळ कण्हेरी करून पाजत होती, गाळलेलं ताक देत होती, औषध चुकवलं की लेकरासारखं झापत होती. पण पेला फळीवरचाच. माया वेगळी आणि रीत वेगळी, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

बरा झाल्यावर साहेबानं मशीन मडिवाळप्पाच्या गावाला नेलं. तिथल्या बाया दोन कोस लांबून पाणी आणायच्या. काळा पाषाण काही दाद देईना, पोलाद घासून जायचं, तरी गडी हटला नाही. शेवटी पाणी लागलं. पहिल्यांदा ओला करडा चुरा भसाभसा वर आला, त्यानं तो मुठीत घेऊन हुंगला आणि मग गाव त्याच्या पाया पडायला धावलं. तो लाजून मशिनीमागं लपला. त्या दिवसापासून शरणम्मा त्याला स्वतःचा भाऊ मानत होती. तोंडानं काही म्हणाली नाही, भाकरी तेवढी मोठी थापायला लागली.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. रब्बीची ज्वारी डोक्याच्या वर गेली. वेळ अमावस्येला मडिवाळप्पानं शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घातली आणि साहेबाला बोलावलं. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे शेतात, भज्जी, उंडे आणि नव्या माठातली आंबिल. साहेबानं आंबिलीचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हे माझ्या बापाचं," तो त्याच्या तुटक्या मराठीत म्हणाला. "बाप वाईन करायचा. नवी असली की अशी. आंबट. दात शिवशिवतात."

"दारू?" शरणम्मानं भुवया चढवल्या.

"दारू," साहेब म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. मग थोडं इंग्रजीत, ते विरूपाक्ष सांगत होता, थोडं हातवाऱ्यांनी त्यानं समजावलं. त्याचा मुलूख थंड. वसंतात रात्री दहिवर गोठतं, तेव्हा द्राक्षाच्या मळ्यात शेगड्या पेटवून बसावं लागतं. तिथल्या द्राक्षाचं नाव शार्दोने. ऊन कमी, म्हणून द्राक्षात गोडी सावकाश भरते आणि आंबटपणा हटत नाही. अशी वाईन नवी असताना कच्च्या सफरचंदाची, लिंबाची लागते, आणि बोअरमधून पहिला ओला चुरा वर येतो ना, तशा दगडाची. पिणारा तोंड वाकडं करतो. पण ठेवून दिली तर दरसाल बदलते. रंग फिका असतो तो सोन्यावर येतो. लिंबू मागं सरतं, लोणी येतं, मग भाजलेले बदाम, मग मध. आंबटपणा मात्र आत तसाच बसलेला असतो, त्याच्याच जोरावर ती उभी राहते. जिच्यात आंबटपणा नाही ती म्हातारी होत नाही, नुसती नासते.

मडिवाळप्पानं मिशीवरची आंबिल पुसली. "मंग आमची अक्का शंभर वर्सं टिकती बघा."

सगळे हसले. शरणम्माही हसली आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. साहेब एकटाच हसला नाही. त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. हिरवी काच, खाली जाड बूड. आठवड्यापूर्वी त्याला तार आली होती. बाप गेला होता. त्याला परत निघायचं होतं. ही बाटली तो इकडं यायला निघाला तेव्हा बापानं दिली होती. त्या सालानंतर म्हाताऱ्याचे हात चालेनात, मळा दुसऱ्याला कसायला गेला. म्हणजे बापाच्या हातची ही शेवटची.

"घरी नेली तर भाऊ पिऊन टाकतील," साहेब म्हणाला. "इथं ठेवतो. म्हणजे मला परत यावं लागेल. अंधारात, गार जागी, आडवी ठेवा, अक्का. यात माझा बाप हाय."

आता विचार करा. दारावर ठसठशीत अक्षरात 'शुद्ध लिंगायत खानावळ' लिहिलेलं, आणि त्या बाईनं दारूची बाटली सांभाळायची. कुणाला कुणकुण लागली असती तर अर्ध्या गिऱ्हाइकांनी उंबरा ओलांडला नसता. दुसरी कुणी असती तर कानावर हात ठेवले असते. शरणम्मानं बाटली दोन्ही हातांनी घेतली, पदराखाली धरली आणि म्हणाली, "अमानत हाय तुझी. तू येईस्तवर माझा जिम्मा."

अंधारी आणि गार जागा एकच होती. मडिवाळप्पाच्या परड्यात दोन पेवं होती. पेव म्हणजे धान्याची खोल विहीर समजा, कडेनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड आणि माती लिंपून तोंड बंद करायचं. माघात नवी ज्वारी आली. एक पेव अर्धं भरल्यावर शरणम्मा शिडीनं आत उतरली. डोक्यावर घागर घेताना ठेवतात तसली चुंबळ तिनं ज्वारीवर ठेवली, तिच्यात बाटलीचं बूड टेकवलं आणि बाटली सरळ उभी केली.

वरून मडिवाळप्पा म्हणाला, "अक्का, साहेब आडवी म्हणला व्हता."

"म्हणू दे. बाप हाय म्हणला ना ह्याच्यात? आपल्यात बापाला मातीत आडवं घालत्यात का?"

लिंगायताला पुरतात ते मांडी घालून, बसवून. आडवं घातलेलं तिनं जन्मात बघितलं नव्हतं. साहेबाला आपली रीत ठाऊक नाही म्हणून तो तसं बोलला, असं तिनं ठरवून टाकलं. बाटलीच्या खांद्यावर तीन बोटं विभूती ओढली, हात जोडले आणि वर आली. वरून ज्वारी ओतली, तोंड लिंपलं.

"हे पेव साहेब आल्याबिगर उघडायचं न्हाई," ती भावाला म्हणाली.

"आन् आमी खायाचं काय?"

"दुसरं हाय की. आन् दुष्काळ पडला तर हेबी उघडू, तवा तो काई म्हणणार न्हाई."

दुष्काळ तसा पुन्हा पडला नाही. साहेबाचं दरसाल एक कार्ड यायचं. बर्फ पडलेला मळा, काळ्या काटक्यांसारख्या वेली. शरणम्मा ते खानावळीच्या भिंतीवर चिकटवायची. एक गिऱ्हाईक तर तो कैलास समजून रोज हात जोडायचं आणि बाईनं त्याला कधी दुरुस्त केलं नाही. साहेब आफ्रिकेत बोअर पाडत होता, मग आजारी होता, येतो येतो म्हणत होता. मग कार्डं थांबली. शरणम्मा तरीही फळीवरचा पेला दर सोमवारी राखेनं घासून पुन्हा उपडा ठेवायची.

ब्याऐंशीच्या श्रावणात लातूर जिल्हा झाला. बँड वाजले, पेढे वाटले. खानावळीत कारकून लोकांनी उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून दोन भाकऱ्या जादा खाल्ल्या. आणि दसऱ्यानंतर एका दुपारी एक गोरी मुलगी पाठीवर पिशवी घेऊन दारात उभी राहिली. हैराण झालेली. तिच्या हातातल्या पत्त्यावर 'उदगीर, जिल्हा उस्मानाबाद' होतं, म्हणून बिचारी आधी उस्मानाबादला उतरली. तिथं कुणी सांगितलं, उदगीर आता आमच्यात नाही, लातूरला जा. लातुरात सांगितलं, उदगीर आमच्यातच आहे पण इथं नाही. यष्टीच्या धक्क्यांनी तिचं पोट बिघडलं होतं.

ती साहेबाची लेक, क्लेर. विरूपाक्ष आता हायस्कुलात विज्ञान शिकवत होता. त्याला शाळेतून बोलावून आणलं. क्लेरनं जेवण नको म्हटलं, फक्त एक केळं घेतलं, आणि सांगितलं की बाबा वसंतात गेले.

मुलखावेगळा भाऊ होता शरणम्माचा. पदर तोंडाला लावून ती बराच वेळ रडली आणि खानावळीतली माणसं उष्ट्या हातानं तशीच बसून राहिली.

मग क्लेर पुढचं बोलली आणि विरूपाक्ष एकेक वाक्य सांगत गेला. शेवटी शेवटी बाबा म्हणायचे, आजोबाच्या हातची एक बाटली अजून आहे, हिंदुस्थानात, शरणम्माकडं. काका हसायचे. इतकी वर्षं, कुठली कोण बाई, विकून टाकली असेल, फेकली असेल. बाबा म्हणायचे, तिच्याकडंच आहे. आजोबाची वाईन क्लेरनं कधी चाखलेली नाही, तो गेला तेव्हा ती शाळकरी पोर होती. मळा परत मिळवून तिनं आता तिथं स्वतः काम सुरू केलंय. आजोबाची वाईन वयात आल्यावर कशी लागते, हे सांगणारं आता दुसरं काहीच उरलेलं नाही.

"हाय," शरणम्मा डोळे पुसत म्हणाली. "हाय म्हण तिला. जशीच्या तशी हाय."

क्लेरचा चेहरा फुलला. तिनं काहीतरी विचारलं आणि विरूपाक्ष आईकडं वळला.

"अव्वा, आडवीच ठेवलीया ना, असं विचारायली. उभी ठेवली तर बूच वाळतं, आत हवा शिरते, आणि वाईन आंबून तिचा शिरका होतो म्हणते."

साहेब आडवी म्हणाला ते रीत ठाऊक नसल्यामुळं नव्हे, ते त्याच्या धंद्यातलं शहाणपण होतं, हे शरणम्माला आत्ता कळत होतं. आपल्याच हातानं आपण बाटली उभी केली. नऊ वर्षं छाती काढून अमानत अमानत म्हणत राहिलो आणि तिकडं ती नासत होती. एवढ्या लांबून आलेल्या पोरीच्या हातात आता काय द्यायचं, आंबलेलं पाणी?

पण झाकून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. "उभी हाय," ती म्हणाली. "म्याच बसिवली. सांग तिला. का बसिवली तेबी सांग."

विरूपाक्षानं सांगितलं. क्लेर भिंतीवरच्या बर्फाकडं बघत राहिली. रागावली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरचं फूल कोमेजलं, आणि ते बघणं शरणम्माला रागापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यष्टीनं देवणीच्या फाट्याला उतरून, तिथून मडिवाळप्पाच्या बैलगाडीत बसून ती तिघं गावाला गेली. शरणम्मानं एका पिशवीत गाळायचं स्वच्छ फडकं, चहाची पांढरी बशी आणि फळीवरचा तो पेला घेतला होता. 'बसवण्णा, माझं काई बी कर, पण पोरीला रिकामी लावू नको,' एवढं एकच वाटभर तिच्या मनात चाललं होतं.

मडिवाळप्पानं माती फोडली, दगड सरकवला. आंबूस, गोडसर, जड असा वास भसकन वर आला. क्लेर वाकून बघायला गेली तसा त्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं. मग कंदील पेटवून दोरीनं आत सोडला. हातभर खाली गेला न गेला, ज्योत फडफडली आणि विझली.

"हे काय झालं?" क्लेरनं इंग्रजीत विचारलं.

विरूपाक्षानं वर्गात सांगतात तसं सांगितलं. पेवाचं तोंड लिंपलं की ज्वारी आतली हवा खाऊन टाकते. आत जिवंत हवा राहतच नाही. म्हणून तर कीड जगत नाही, किडा मरतो. घाईनं उतरलेला माणूस वर येत नाही. हे पेव दिवसभर उघडं ठेवावं लागेल.

क्लेरनं त्याचा हात पकडला. "बंद केल्यापासून आत हवा नाही? इतकी वर्षं?"

"नाही."

ती विझलेल्या कंदिलाकडं बघत राहिली, मग शरणम्माकडं वळून घाईघाईनं बोलू लागली, आपलं बोलणं हिला कळत नाही हे विसरून. विरूपाक्ष मागून सांगत होता, "अव्वा, ती म्हणते, बूच वाळलं असंल तरी आत जायाला हवाच नव्हती. म्हणते, कदाचित. नक्की न्हाई, कदाचित."

कदाचित तर कदाचित. शरणम्मा त्या शब्दाला धरून पेवाच्या काठाशी बसली. दुपार कलली तेव्हा दुसरा कंदील खाली जाऊन पेटता राहिला. मडिवाळप्पा कमरेला दोर बांधून उतरला, फावड्यानं ज्वारी सारत गेला, आणि बऱ्याच वेळानं खालून त्याचा आवाज आला, "गावली. बसलीया अजून."

बाटली वर आली. तिच्यावरचा कागद जुना होऊन गळून गेला होता, खांद्यावर विभूतीचा पुसट पांढरा पट्टा होता. आतली वाईन दोन बोटं उतरली होती. क्लेरनं बूच काढायला घेतलं तर ते वाळलेल्या मातीसारखं भुगा भुगा झालं, अर्धं आत पडलं. शरणम्मानं फडकं पेल्यावर ताणून धरलं, घरात पाणी गाळतात तसं, आणि क्लेरनं वाईन गाळून घेतली. त्यातली थोडी पांढऱ्या बशीत ओतून उन्हात धरली. रंग जुन्या तुपासारखा पिवळा होता, आणि नितळ.

क्लेरनं पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"काय म्हणती?" शरणम्मानं विचारलं.

"काईच न्हाई अजून," विरूपाक्ष म्हणाला.

मग क्लेरच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि ती हसत होती. ती बोलत होती तसं विरूपाक्ष सांगत गेला. मध आहे. भाजलेले बदाम आहेत. भाजलेल्या पावाची कड आहे. पावसाळ्यातल्या रानातली ओली जमीन आहे. नेहमीपेक्षा लवकर म्हातारी झाली आहे, इथल्या उन्हाळ्यानं तिला चार वर्षं पुढं ढकललंय. पण खाली, अगदी खाली, ते लिंबू अजून बसलेलं आहे. आणि तो दगड. आजोबा आत आहे. गेला नाही.

शरणम्माचा जीव भांड्यात पडला. तिनं जमिनीला डोकं टेकलं आणि उठून बसली तेव्हा कपाळाला परड्यातली माती लागलेली होती. "माझं इमान राखलंस रे बाबा," ती म्हणाली. बसवण्णाला म्हणाली की पेवाला की साहेबाला, तिचं तिलाच ठाऊक.

"एक वास मात्र मला ओळखू येत नाही," क्लेर म्हणाली. "आमच्याकडं असा कधी आला नव्हता." शरणम्मानं पेला मागितला. पिणार नव्हतीच, हुंगला. दारूचा वास येईल म्हणून श्वास आखडून हुंगला, आणि आला तो हुरड्याचा, लोणी कढवताना भांड्याच्या तळाशी बेरी लागते तिचा, आणि त्यामागून आणखी एक. तिनं पेवातली मूठभर ज्वारी उचलून क्लेरच्या नाकाखाली धरली. क्लेरनं हुंगली, मग पेला हुंगला, मग पुन्हा ज्वारी. पेवातल्या जुन्या ज्वारीला असतो तोच आंबूस गोड वास. बुचातून आत शिरला होता की नव्हता, विरूपाक्षाचं विज्ञान काही ठामपणे सांगेना. क्लेरनं मात्र मान डोलावली आणि ज्वारी रुमालात बांधून घेतली.

तिनं विरूपाक्षाला घोटभर देऊ केली. त्यानं आईकडं बघितलं.

"मज्याकडं काय बघतोस? न्हाई म्हण," शरणम्मा म्हणाली, आणि तो न्हाई म्हणाला.

उरलेली बाटली घेऊन क्लेर एकटी बोअरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. बाया हापशावर पाणी भरत होत्या, तिच्याकडं बघून हसत होत्या. अंद्रेसाहेबाची पोर आली म्हणून एकीनं तिच्या डोक्यावरून बोटं मोडली. थोडं थोडं करून, दिवस मावळेपर्यंत तिनं ती संपवली. शरणम्मा लांबून बघत होती. पोरीला हाक मारून त्रास द्यावासा वाटत नव्हता.

शेवटचा घोट झाला. पेल्याच्या तळाशी गाळ आणि बुचाचा चुरा राहिला होता. क्लेर उठली, पेला हापशाखाली धरून त्यात थोडं पाणी घेतलं, बोट घालून पेला आतून गोल गोल धुतला आणि ते पाणी पिऊन टाकलं. अगदी सहज, डोळे तिसरीकडेच होते.

शरणम्मा उभ्या जागी थिजली. या पोरीनं अजून खानावळीत ताट पुढ्यात घेतलं नव्हतं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"इच्यार तिला," ती विरूपाक्षाला म्हणाली. "हे कुणी शिकिवलं, इच्यार."

क्लेरला आधी प्रश्नच कळला नाही. मग हातातल्या पेल्याकडं बघून ती म्हणाली, "हे? आमच्या घरी सगळे असंच करतात. ताट धुऊन प्यायल्याशिवाय बाबा कुणाला टेबलावरून उठू द्यायचे नाहीत. कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. बाबा इकडून परतले तेव्हापासून हेच, मला ते वेगळं वाटेनासंच झालं होतं. शाळेत मुली हसल्या तेव्हा कळलं."

विरूपाक्षानं सांगितलं. शरणम्मानं पुढं होऊन त्या पोरीला पोटाशी धरलं, घट्ट, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काल रडली होती ती साहेबासाठी. आता रडत होती ते वेगळं होतं. इतक्या लांब, बर्फाच्या मुलखात, एका घरात रोज तिची पंगत उठत होती आणि तिला खबरही नव्हती.

रात्रीच्या जेवणाला सगळे उदगिरात परत आले. क्लेरचं पोट आता ठीक होतं. ती पंगतीत बसली, एका बाजूला कंडक्टर, दुसऱ्या बाजूला शाळेचे मास्तर. विरूपाक्ष सवयीनं दाराजवळच्या फळीकडं गेला, तर फळी रिकामी.

"अव्वा, साहेबाचा पेला कुठं हाय?"

"घासून ठिवला," शरणम्मा चुलीपासून म्हणाली.

"कुठं?"

"पेल्यांत. आनि कुठं ठेवत्यात पेला?"

विरूपाक्षानं ढिगाकडं बघितलं. सगळे सारखेच पेले, एकात एक घातलेले. त्यातला वरचा उचलून त्यानं पाणी भरलं आणि क्लेरपुढं ठेवला. शरणम्मानं तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा टाकला. दाराजवळच्या फळीवर दुसऱ्या दिवसापासून मिठाची बरणी असायची.